बायोडाट्याखालचा आकडा

माईक हातात असताना माणसानं आकडा सांगू नये, हे मला कळलं तेव्हा आकडा सांगून झाला होता.

सोलापुरातलं एक मंगल कार्यालय, समोर खुर्च्या भरून माणसं आणि वर स्टेजवर एका वधूवर सूचक मंडळाचे पदाधिकारी. मंडळाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण माणसं चांगली आहेत आणि पुढं जो घोटाळा झाला त्यात निम्मा वाटा माझा आहे. मंडळाचे चिटणीस काळे सर, निवृत्त मुख्याध्यापक. "ज्यांनी आपलं मंडळ इंटरनेटवर नेलं ते हे," अशी त्यांनी माझी ओळख करून दिली आणि माईक माझ्या हातात ठेवला. आता मी पडलो वेबसाइट करून देणारा माणूस. आमच्या धंद्यात टाळ्या नसतात. गिऱ्हाइकाचा फोन येतो तो वेबसाइट बंद पडल्यावर, आणि चालू झाली की तोही येत नाही. त्यामुळं एवढी माणसं आपल्याकडं बघतायत हे बघून मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, "गेल्या महिन्यात आपल्या वेबसाइटला एक लाख चाळीस हजार लोकांनी भेट दिली!"

टाळ्या झाल्या. सरांनी माझ्या अंगावर शाल पांघरली, नारळ दिला. मी पायऱ्या उतरतोय तोवर पहिल्या रांगेतल्या एक आजी उठून उभ्या राहिल्या.

"बाळा, एवढी माणसं येऊन गेली, तर माझ्या नातवाला एक फोन का नाही आला रे?"

हशा एवढा झाला की मला स्वतःलाही त्यात सामील व्हावं लागलं.

घरी येऊन शाल अंगावर तशीच ठेवून कॉम्प्युटर उघडला. आजींचं बरोबर होतं. मी सांगितलेला आकडा माणसांचा नव्हताच, 'हिट्स'चा होता. म्हणजे काय, तर वेबसाइटचं एक पान उघडलं की त्यावरचा प्रत्येक फोटो, प्रत्येक बटण, गणपतीचं चित्र, कडेची नक्षी या सगळ्या वस्तू वेगवेगळ्या मागवल्या जातात आणि प्रत्येक मागणीची एक हिट धरली जाते. एका पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि ताट, वाट्या, तांब्या, पाट आणि लोणच्याचा चमचा मोजून 'आज आमच्याकडं वीस माणसं जेवली' म्हणून सांगायचं, तसला प्रकार. हिट्स सोडून मी माणसं मोजायला घेतली, तेव्हा लाखाचे काही हजार झाले, हजारांचे शेकडो झाले. त्या शेकड्यांत मी होतो, काळे सर होते आणि सरांना मोबाइल शिकवणारी त्यांची सून होती.

हा धंदा मी गेली वीसेक वर्षं करतोय. सात रस्त्याजवळ एका इमारतीत ऑफिस आहे, खाली झेरॉक्सचं दुकान, वर मी. नातेवाइकांना माझा धंदा अजून समजलेला नाही. आमचे एक मामा प्रत्येक लग्नात 'हा कॉम्प्युटर दुरुस्त करतो' अशी ओळख करून देतात, आणि वाद नको म्हणून मी त्यांचा प्रिंटर नीट करून देतो.

माणसं मोजणं हा या धंद्यातला सगळ्यात फसवा भाग. कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणारे आमचे एक गिऱ्हाईक आहेत. त्यांना मी महिन्याचा अहवाल पाठवायचो, कुठल्या देशातून किती जण आले वगैरे. एकदा ते स्वतःच ऑफिसात आले, हातात भाकरीचं पुडकं.

"सायेब, रशियातनं चारशे जण आल्यात. आपल्या भाकरीला तिकडं मागणी हाय. थंडीत टिकती बी लई. पॅकिंगचं काय करायचं सांगा."

मला खरं सांगायचं जिवावर आलं, पण सांगावं लागलं. इंटरनेटवर माणसांपेक्षा यंत्रं जास्त फिरतात. त्यांना बॉट म्हणतात. कुणी शोधयंत्राचे, कुणी आणखी कशाचे. ते रात्रंदिवस वेबसाइटी उघडत असतात, सगळं वाचतात आणि निघून जातात. रशियातले चारशे म्हणजे ते.

त्यांनी विचार केला. "म्हंजे येत्यात, सगळं बघत्यात, आन घेत काय न्हाईत?"

"नाही."

"मग आमच्या गल्लीतल्यासारखीच की!" असं म्हणून त्यांनी पुडकं माझ्या टेबलावर ठेवलं आणि रशियाचा विषय संपवला.

एवढं सगळं मला माहीत असताना काळे सरांनी सांगितलेलं मी ऐकलं, हे माझं नशीब. मेळाव्यानंतर सर म्हणाले, "तुम्ही आकडा जाहीर केलात. आता तो दाखवला पाहिजे. प्रत्येक स्थळाखाली किती जणांनी पाहिलं ते येऊ द्या. पालकांना उत्साह वाटेल." मी प्रत्येक बायोडाट्याखाली डोळ्याचं एक छोटंसं चित्र टाकलं आणि त्यापुढं आकडा. एका माणसाला एकदाच मोजायचं, तर जरा डोकं लावावं लागतं. मी सोपा रस्ता धरला. पान उघडलं की एक वाढव. कुणी उघडलं, कितव्यांदा उघडलं, माणूस होता की यंत्र, काही विचारायचं नाही.

पालकांना उत्साह मात्र वाटला. एवढा वाटला की वेबसाइटच बसायला लागली.

इथं होस्टिंग म्हणजे काय ते सांगायला हवं. वेबसाइट बांधणं हे अर्धं काम. तिला राहायला जागा देणं हे उरलेलं अर्धं. मी लांबच्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर जागा भाड्यानं घेतो आणि तिचे तुकडे करून गिऱ्हाइकांना देतो. सोलापूरकराला हे समजावताना मला कधी अडचण येत नाही. एक इमारत आहे, गच्चीवर एक टाकी आहे, खाली दहा बिऱ्हाडं आहेत आणि पाणी येतंय चार-पाच दिवसांनी. मग प्रत्येकाला ठरवून दिलेलं असतं, महिन्याला एवढंच पाणी. त्याला आमच्याकडं बँडविड्थ म्हणतात. शिवाय एका वेळी नळ किती सोडायचे त्यालाही मर्यादा असते, कारण खालच्यानं मोटर लावली की वरच्याच्या नळातून नुसती हवा येते. ज्याचा वाटा संपला त्याचा नळ बंद. जाहिरातीत 'अनलिमिटेड' लिहिलेलं असलं तरी टाकी एकच असते.

मंडळानं घेतलेला वाटा सगळ्यात लहान होता. आणि पालक फोटो टाकायचे ते स्टुडिओतनं आणलेले, मोबाइलवरनं आहे तसे. एकेक फोटो चौकात फ्लेक्स लावावा एवढा मोठा. मी लहान करून टाका म्हणून सांगायचो, तर "फोटो लहान केल्यावर मुलगा बारीक दिसंल," असं उत्तर यायचं. त्यामुळं महिना संपत आला की मंडळाचं पाणी संपायचं आणि पानावर 'मर्यादा संपली आहे' अशी पाटी यायची. ती पाटी इंग्रजीत होती. मोठ्या हौसेनं मी ती मराठी केली आणि दुसऱ्याच महिन्यात एका बाईंचा फोन आला. आवाज भरून आलेला. "आमच्या मुलीला तेहतीस पूर्ण झालीत, हे मान्य आहे. पण मर्यादा संपली असं सगळ्यांना दिसेल असं लिहायची काय गरज होती?" त्यांना समजावता समजावता माझा चहा गार झाला. मी पाटी परत इंग्रजी करून टाकली.

इतपत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग एके दिवशी वैरागचे बब्रुवान अण्णा जिना चढून वर आले.

बब्रुवान अण्णांचं वैरागला बी-बियाणांचं आणि खतांचं दुकान आहे. बरोबर त्यांची मुलगी अश्विनी. ती बार्शीला रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते, अर्धी रजा टाकून आलेली. अण्णा खुर्चीत बसले नाहीत.

"सायेब, माझी पोरगी म्हंजे काय बाजारातली कोथिंबीर हाय का? यील त्यानं जुडी उचलायची, उलटून बघायची आन ठिवून जायचं?"

मला काही कळेना. अश्विनीनं सांगितलं ते असं. कुर्डुवाडीचं एक स्थळ जमत आलं होतं. मुलगा महेश, रेल्वेत टेक्निशियन. पत्रिका जमली, फोनवर बोलणी झाली, रविवारी बघायला यायचं ठरलं. पोह्याचे शेंगदाणेसुद्धा भाजून झाले होते, असं अण्णा मध्येच म्हणाले. शनिवारी मुलाच्या आईचा फोन आला, 'जरा थांबूया.' का, तर त्यांनी अश्विनीच्या बायोडाट्याखाली बघितलं आणि डोळ्यापुढं दोन हजारांच्या वर आकडा. शेजारची एक म्हणाली म्हणे, दोन हजार जणांनी पाहून सोडलेली मुलगी आहे, काहीतरी असल्याशिवाय का?

 काळे सरांना वाटत होतं आकडा मोठा म्हणजे मान मोठा. दुकानाचं तसं असेलही. पण आपल्याकडं चार वेळा पोहे होऊन जमलं नाही तर गल्ली कुजबुजायला लागते, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? माझ्या सख्ख्या बहिणीच्या वेळी हेच झालेलं. तरी तो डोळा टाकताना माझ्या मनाला हे शिवलं नाही. मी बायोडाट्याला पान म्हणत होतो आणि माणसाला ट्रॅफिक.

"अण्णा," मी म्हणालो, "ती दोन हजार माणसं नाहीत. त्यात यंत्रं आहेत, आणि एकच माणूस परत परत..."

"अण्णा, सांगा की त्यांना," अश्विनी मध्येच म्हणाली.

"काय सांगू?"

"तुम्ही दिवसातनं किती वेळा उघडता ते."

अण्णा आता खुर्चीत बसले. "सकाळी दुकान उघडल्यावर बघतो. मग बियाणं घ्यायला कोण आलं की त्येला दाखवतो. कुणाचा पाव्हणा कुटं निघंल, सांगता येत न्हाय."

"पेरणीच्या दिवसात तर रांग असते दुकानात," अश्विनी म्हणाली. चेहरा गंभीरच, पण हसू दाबलेलं दिसत होतं.

मी म्हणालो, एका मिनिटात तो डोळा काढून टाकतो. हात माउसवर गेलासुद्धा. तेव्हा ती म्हणाली, "नका काढू काका. आता काढलात तर म्हणतील, विचारलं म्हणून लपवलं."

बरोबर होतं. आमच्या धंद्यात बिघाड झाला की मागचं पुसून नवीन चढवायची सवय असते. माणसांच्या डोक्यात चढलेलं तसं पुसता येत नाही.

"मग काय करू?"

"आकडा तुम्ही लावलाय," ती म्हणाली. "तुम्हीच जाऊन सांगा की."

तर काळे सर आणि मी कुर्डुवाडीला निघालो. वेबसाइट दुरुस्त करायला मी घराबाहेर पडलो, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. गाडीत सरांनी भाषणाची तयारी केली. "मंडळाच्या वतीनं मी प्रास्ताविक करतो. तांत्रिक बाजू तुम्ही मांडा." मी म्हटलं, सर, आपण मेळाव्याला चाललेलो नाही. ते म्हणाले, "प्रास्ताविक लागतंच."

महेशच्या आईचं नाव शोभाताई. स्वभावानं तुटक नव्हत्या, उलट फार अगत्याच्या. आम्ही बसतो न बसतो तोच पोहे आले. मुलगा-मुलगी न बघता पोहे खाणारे पाहुणे त्या घरात आम्ही पहिलेच असू. महेशचे वडील तात्या रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले; ते आरामखुर्चीत सुपारी कातरत बसले होते. महेश दाराला टेकून उभा. सडपातळ, शांत मुलगा. आम्ही आल्यापासून त्याची नजर जमिनीवरच.

सरांचं प्रास्ताविक झालं. मग मी तांत्रिक बाजू मांडली. हिट म्हणजे काय, भेट म्हणजे काय, बॉट म्हणजे काय. ताट-वाटी-तांब्याचा दाखलाही दिला. शोभाताईंनी सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलेलं कळलं. पण आकडा तर तेवढाच आहे की."

मी परत सुरुवातीपासून सुरू करणार, तेवढ्यात तात्यांनी अडकित्ता थांबवला.

"मला सांगा, एकच गडी हितं गाडीत बसला, माढ्याला उतरला, परत चढला, मोहोळला उतरला, परत चढला. तुम्ही त्येला दर टायमाला नवा पॅसेंजर धरताय. आसंच न्हवं?"

"अगदी असंच," मी म्हणालो. हे मला आधी सुचलं असतं तर दहा मिनिटं वाचली असती.

"मग त्यो काय आकडा झाला व्हय?" तात्या म्हणाले आणि परत कातरायला लागले.

शोभाताईंना मात्र नुसतं पटून चालणार नव्हतं, दिसायला हवं होतं. मी म्हणालो, "ताई, तुमच्या मोबाइलवर उघडा. आकडा बघा. आता बंद करा. परत उघडा."

त्यांनी तसं केलं. "एकानं वाढला की!"

"परत."

"अगं बाई. परत वाढला. म्हणजे आता मी तीन झाले?"

"तीन."

त्यांना गंमत वाटायला लागली. त्यांनी शेजारणीला हाक मारली, तीच ती मघाची 'काहीतरी असल्याशिवाय का'वाली. तिनं तिच्या मोबाइलवर उघडलं, सरांनी त्यांच्यावर, तात्यांनी चष्मा लावून त्यांच्यावर. "माझ्यात बघा, माझ्यात दोननं वाढला!" बसल्या जागी आम्ही पाच-सहा माणसं पंचवीस-तीस झालो. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. आणि पानावर इंग्रजी पाटी आली. मर्यादा संपली.

महिनाअखेर होती. त्यात अश्विनीच्या पानावरचा फोटो मोठ्या कॅमेऱ्यातला, प्रत्येक उघडण्याला एकेक कळशी पाणी. आम्ही सगळ्यांनी मिळून टाकी कोरडी केली होती.

"बंद केलं का हो?" शेजारीण लगेच म्हणाली. "आकडा मोजायला लागल्यावर बंद कसं झालं?"

शोभाताईंचं हसू गेलं. सर माझ्याकडं बघायला लागले, शाळेत फळ्यापुढं उभ्या केलेल्या पोराकडं बघावं तसं. मी म्हणालो, काही नाही, दोन मिनिटांत चालू करतो, मला आतून मर्यादा वाढवता येते. खिशातला मोबाइल काढला, तर तो गाडीतच मान टाकून बसलेला. सोलापूरपासून सरांना अहवाल दाखवत आलो होतो ना.

"महेश, तुझा दे जरा."

"माझ्यात नेट नाही," महेश म्हणाला.

"सकाळीच रिचार्ज मारलास की," शोभाताई म्हणाल्या.

"चार्जिंग नाही."

"भिंतीला लावलाय तो कुणाचा आहे मग?"

तात्यांनी हात लांब करून मोबाइल काढला, महेशच्या हातात दिला, त्यानं कुलूप उघडून माझ्याकडं दिला आणि तो सरळ आत पाणी प्यायला गेला. मी ब्राउझर उघडला. समोर अश्विनीचं पान. बरं म्हटलं, नवीन पान उघडू, म्हणून आधीच्या पानांची यादी काढली. तिथंही अश्विनी. तिच्याखाली अश्विनी. एक, दोन, तीन, सात-आठ ठिकाणी तेच पान उघडून ठेवलेलं. एक गोष्ट तुम्हांला माहीत नसेल, मोबाइलमध्ये उघडी ठेवलेली पानं आपण परत त्यांच्यावर गेलो की पुष्कळदा आपोआप नव्यानं मागवली जातात. प्रत्येक वेळी एक कळशी पाणी आणि प्रत्येक वेळी आकडा एकानं पुढं.

मी मोबाइल उलटा धरायला गेलो, पण शोभाताई माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"महेश!"

तो बाहेर आला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल.

"किती वेळा उघडलंस रे?"

"मोजलं नाही."

"मोजायची सोय साहेबांनी केली आहे की!" असं म्हणून शोभाताई आधी रागावल्या आणि मग मटकन खाली बसून एवढ्या हसल्या की डोळ्याला पदर लावावा लागला. "माझ्याच पोरानं बघून बघून आकडा वाढवला, आणि नावं ठेवली त्या पोरीला! आणि मी तिकडं फोन करून थांबा म्हणून सांगते!"

"मी सांगणार होतो," महेश म्हणाला.

"कधी? साखरपुडा दुसऱ्याशी झाल्यावर?"

शेजारीणबाई 'दूध उतू जाईल' म्हणून घरी गेल्या. मी मर्यादा वाढवून दिली. पाणी कुठून आणलं विचाराल, तर माझ्या स्वतःच्या वेबसाइटच्या वाट्यातलं वळवलं. ती कुणीच बघत नाही, त्यामुळं तिची टाकी कायम भरलेली असते.

शोभाताईंनी आमच्यासमोरच वैरागला फोन लावला. "दादा, आमचं चुकलं. रविवारी येतो आम्ही." पलीकडं अण्णांचा आवाज एवढा मोठा की सगळ्या खोलीला ऐकू गेला, "या की, या की!" मग जरा थांबून त्यांचाच आवाज, पण खालच्या पट्टीत. "पोरगी काय म्हणती बगा..." आणि फोनवर अश्विनी आली.

"काकू, मला बघून झालंय ना सगळ्यांचं? आता मी येते तिकडं बघायला."

शोभाताईंनी तात्यांकडं बघितलं. तात्या आरामखुर्चीतून म्हणाले, "येऊ द्या की. घर आपलं काय पळून चाललंय?"

त्या रविवारी ती आली. मला हे सगळं काळे सरांनी सांगितलं, कारण प्रास्ताविकाला ते हजर होते. तिनं घर बघितलं, बार्शीला जायची गाडी किती वाजता ते तात्यांना विचारलं, नोकरी सोडणार नाही हे पोहे यायच्या आत सांगून टाकलं. मग महेशला सगळ्यांसमोर विचारलं, "एवढ्या वेळा काय बघत होता?"

महेश म्हणाला, "तुमच्या फोटोत मागं मायक्रोस्कोप आहे. बाकी सगळ्या मुलींच्या मागं बागच असते."

तो फोटो तिच्या लॅबमधल्या मैत्रिणीनं काढलेला. काळे सरांनी तो बदलायला सांगितलं होतं, पार्श्वभूमी योग्य नाही म्हणून. तिनं बदलला नव्हता. सर म्हणाले, "मी मात्र त्या वेळी भिंतीकडं बघत बसलो."

कुर्डुवाडीहून परत आल्या आल्या मी सगळ्याच बायोडाट्यांखालचा डोळा काढून टाकला होता. सर अजून अधूनमधून विचारतात, "नुसता ज्याचा त्याला दिसेल असा ठेवता येणार नाही का?" मी येणार नाही म्हणून सांगतो. येतो तसा ठेवता. काढायच्या आधी मात्र मी ती सगळी पानं एकदा नजरेखालून घातली. अश्विनीच्या आकड्याच्या आसपास जाणाऱ्या आणखी कितीतरी मुली होत्या. त्यांच्या बापांची दुकानं नव्हती आणि कुर्डुवाडीत कुणी त्यांचं पान उघडून ठेवलं नव्हतं. कुणाकुणाचं 'जरा थांबूया' त्या आकड्यामुळं झालं असेल, ते मला कळायला मार्ग नाही. सगळ्यांकडं जाऊन तांत्रिक बाजू मांडणं मला जमलं नसतं, आणि प्रत्येक घरात तात्या असतीलच असं नाही. हे डोक्यातून जात नाही. आता कुणी गिऱ्हाईक आकडा दाखवा म्हणालं की मी आधी विचारतो, बघणारा त्याचं काय करणार आहे? बरेच जण मला विक्षिप्त समजतात. कडक भाकरीवाले मात्र म्हणाले, बरोबर हाय.

वैरागला साखरपुडा झाला तेव्हा मी आणि बायको दोघंही जाऊन आलो. बब्रुवान अण्णांनी मला पहिल्या पंगतीला बसवलं आणि येईल त्याला 'हेच ते वेबसाइटवालं सायेब' म्हणून दाखवलं. दुकानात बायोडाटा दाखवत असतील तसंच. महेश आणि अश्विनी मांडवाच्या एका कोपऱ्यात उभे राहून काहीतरी बोलत होते. महेशच्या हातात मोबाइल नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी मी आणि बायको मेथी निवडत बसलो होतो. सगळी हकीकत मी तिला तिसऱ्यांदा सांगितली, तात्यांचा पॅसेंजर, शोभाताईंचा पदर, सगळं. तिनं ऐकून घेतलं. मला आपलं उगीचच हुरूप आला. म्हटलं, "आपलं ठरत होतं तेव्हा माझा फोटो तुमच्याकडं आठवडाभर होता. खरं सांग, किती वेळा बघितलास?"

तिनं हातातली जुडी झटकली, पिवळं पान बाजूला काढलं.

"एकदाच," ती म्हणाली. "म्हणून तर जमलं."